गोळा कुणाचा? ‘शिवकालीन’ या शब्दाबद्दल एक तक्रार

धातूंच्या गंजावर संशोधन करणाऱ्या माणसाला ओळखीचे लोक दोन प्रकारचे फोटो पाठवतात. एक म्हणजे घरातल्या तांब्याच्या बंबावर पडलेले हिरवे डाग. दुसरा, कुठंतरी मातीत सापडलेलं नाणं, शिशाची गोळी, लोखंडी गोळा नाहीतर कशाचा तरी तुकडा, आणि खाली प्रश्न : किती जुनं असेल ओ हे? पहिल्याचं उत्तर मी दोन ओळींत देते. दुसऱ्यासाठी हा लेख.

मेटल डिटेक्टरचे मराठी व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. साचा ठरलेला असतो. मागं ढोल-ताशाचं संगीत, गवतावरून फिरणारी कॉइल, मग टुंग असा आवाज. खुरप्यानं माती उकरली जाते, हिरवट चकती वर येते, बाटलीतल्या पाण्याची धार पडते, अंगठ्यानं घासलं जातं आणि मग ते वाक्य येतं, “मित्रांनो, शिवकालीन!” वर्तमानपत्रातल्या बातम्याही बऱ्याचदा याच वाक्यावर थांबतात. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं या एका वाक्याचं परीक्षण करायचं मी ठरवलंय. माझं भांडण यंत्राशी नाही आणि महाराजांवरच्या प्रेमाशी तर नाहीच. भांडण आहे ते इतक्या लवकर उत्तर मिळाल्याच्या समाधानाशी.

आधी यंत्राला काय कळतं ते बघू. कॉइलमधून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्यामुळं भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह सुरू होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलला जाणवतं. ते किती उशिरा आणि किती जोरात जाणवलं यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं. त्या आकड्यात धातूची वाहकता, वस्तूचा आकार, जाडी आणि खोली सगळं एकत्र कालवलेलं असतं. म्हणून सोन्याची पातळ अंगठी आणि गुटख्याच्या पुडीचं वेटोळं जवळजवळ सारखं बोलतात. काळ नावाची गोष्ट त्या आकड्यात कुठंच नसते. त्यात पन्हाळ्यासारख्या ठिकाणी जमीन जांभ्याची, म्हणजे मुळातच लोहयुक्त. तिथं काहीही पुरलेलं नसताना यंत्र कुरकुरतं.

थोडक्यात, डिटेक्टर “इथं काहीतरी आहे” एवढंच सांगतो. पुढचं सगळं वाचन माणसाचं.

आता नाण्यांचं वाचन. व्हिडिओत सगळ्यात जास्त निघते ती शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. नावच असं आहे म्हटल्यावर शंका कोण घेणार? पण शिवराई हे एका राजाच्या कारकिर्दीपुरतं नाणं नव्हतं. राज्याभिषेकापासून जो ठसा सुरू झाला तो पुढं छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात वेगवेगळ्या टांकसाळींतून पडत राहिला, आणि इंग्रजी अमल आल्यावरही ही नाणी बाजारात चालत होती. मजकूर तोच, पण अक्षर बिघडत गेलं, वजन उतरत गेलं. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई तर सरळ उत्तर पेशवाईतली. नाणेसंग्राहक अक्षराचं वळण, बिंदूंची कड आणि वजन बघून त्यांच्यात फरक करतात. अंगठ्यानं आणि पितांबरीनं घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर नेमकी हीच चिन्हं पहिल्यांदा जातात. तांब्यावरचा मूळ पृष्ठभाग बहुतेक वेळा धातूत नसतोच, तो हिरव्या थराच्या आत जपलेला असतो. चिंच लावून तो थर काढणं म्हणजे पत्र वाचण्याआधी शाई धुऊन टाकणं.

नाण्यावर निदान अक्षरं तरी असतात. खरी पंचाईत लोखंडी गोळ्याची आहे, आणि कोल्हापूरकरांनी त्याकडं जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं.

पन्हाळ्यावर किंवा पायथ्याला तोफेचा गोळा सापडला असं धरा. तो कुणाचा? पन्हाळ्याला मोठे वेढे एक नव्हे, निदान तीन पडले. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा. त्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन सामील झाले होते, आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी महाराजांनी राजापुरात वसूल केली. दुसरा औरंगजेबाचा, जो १७०१ मध्ये संपला. इंग्लंडचा वकील सर विल्यम नॉरिस बादशहाला भेटला तो याच पन्हाळ्यासमोरच्या छावणीत. आणि तिसरा १८४४ चा. तिसरा बहुतेकांना आठवत नाही.

तो का झाला हे थोडक्यात सांगायला हवं. कोल्हापूर संस्थानचा कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती आला होता. नव्या व्यवस्थेत किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांचे पिढीजात हक्क आणि त्यांच्या जमिनींचा कारभार गडाकडून काढून मामलेदारांकडं जाऊ लागला. गडकरी म्हणजे किल्ला हीच ज्यांची नोकरी, घर आणि वतन, अशी माणसं. सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले, भुदरगड उठला, पन्हाळा उठला. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हन्स याला पकडून पन्हाळ्यावरच कैदेत ठेवलं होतं. इंग्रजांनी एकेक गड घेत आणला आणि १ डिसेंबर १८४४ ला तोफांनी तटाला खिंडार पाडून पन्हाळा घेतला. तीन दरवाजा आज आपण बघतो. चार दरवाजा मात्र या लढाईनं नेला. १८५७ च्या तेरा वर्षं आधी ही माणसं आपल्याच जिल्ह्यात लढली.

माझी तक्रार इथं आहे. तटाखाली सापडलेला प्रत्येक गोळा डोळे झाकून ‘शिवकालीन’ ठरवला, तर या माणसांच्या लढाईचा पुरावा आपण आपल्याच हातानं दुसऱ्या खात्यावर जमा करतो. महाराजांच्या काळाला त्या गोळ्याची गरज नाही. त्या काळासाठी बखरी आहेत, पत्रं आहेत, वखारींचे इंग्रजी कागद आहेत. गडकऱ्यांच्या बाजूनं लिहिलेलं फार थोडं आहे. त्यांच्यावर लिहिलं ते मुख्यतः त्यांना हरवणाऱ्यांनी. अशा वेळी मातीतलं लोखंड ही त्यांची साक्ष असू शकते.

मग फरक करता येतो का? थोडाफार येतो, आणि सुरुवात घरच्या वजनकाट्यानं होते. कंपनीच्या तोफा पौंडांत ठरलेल्या : सहा पौंडी, नऊ पौंडी, बारा पौंडी. भरीव ओतीव लोखंडाचा सहा पौंडी गोळा साधारण २.७ किलोचा आणि ९ सेंटिमीटर व्यासाचा भरतो. नऊ पौंडी ४ किलोच्या आसपास, व्यास साडेदहाला थोडा कमी. बारा पौंडी साडेपाच किलोला जरा कमी, व्यास सव्वाअकराच्या जवळपास. देशी गोळे असे एका मापात बसत नाहीत. काही घडीव लोखंडाचे, म्हणजे घणानं ठोकून गोल केलेले, काही दगडाचे. पृष्ठभाग शाबूत असेल तर ओतीव गोळ्यावर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण दिसते. अर्थात गंजानं वजन घटतं आणि आकार फुगतो, त्यामुळं दहावीस टक्क्यांची गडबड गृहीत धरायची. आणि गोळा पोकळ असेल, वातीसाठी भोक असेल, तर तो उखळी तोफेचा स्फोटक गोळा. तो १६६० चाही असू शकतो आणि १८४४ चाही. (असा गोळा सापडला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. आत जुनी दारू असू शकते आणि तिला आपल्या इतिहासप्रेमाशी काही देणंघेणं नसतं.)

शिशाच्या गोळ्यांचंही तसंच. त्या काळी इंग्रजी फौजेच्या नेहमीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची, बत्तीस ग्रॅमच्या आसपास. देशी तोड्याच्या बंदुका ज्याच्या त्याच्या मापाच्या. एकाच उतारावर बत्तीस ग्रॅमच्या चपटलेल्या वीस गोळ्या मिळाल्या, तर कुणीतरी त्या दिशेनं शिस्तीत गोळीबार केला एवढं म्हणता येईल. एकच गोळी मिळाली तर काहीच म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेत आणखी एक पाऊल पुढं जाता येतं, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो. ओतीव लोखंडात दोन टक्क्यांहून जास्त कार्बन असतो. हा कार्बन भट्टीतल्या इंधनातून येतो. भट्टी लाकडी कोळशावर चालली असेल तर तो कार्बन झाडाचा, म्हणजे त्यात मोजण्याजोगा कार्बन-१४ शिल्लक. दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर चालली असेल तर कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, कार्बन-१४ शून्य. वर बहुतेकदा गंधकही जास्त. कोकवर लोखंड गाळणं १७०९ मध्ये इंग्लंडात अब्राहम डार्बीनं जमवलं. म्हणजे गोळ्यातला कार्बन ‘मेलेला’ निघाला तर तो १६६० चा नाही आणि १७०१ चाही नाही, हे छातीठोकपणे सांगता येतं.

उलट्या बाजूनं मात्र हे चालत नाही. लाकडी कोळसा निघाला म्हणून गोळा जुना असं होत नाही. कंपनीच्या अमलातच १८३० च्या दशकात तमिळ किनाऱ्यावर पोर्टो नोव्होला लाकडी कोळशावर लोखंड गाळत होते. शिवाय १६५० नंतरच्या तीन शतकांत हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण असं वरखाली झालंय की एकाच मोजमापाला दोन-तीन तारखा जुळतात. म्हणजे ही चाचणी ‘नाही’ ठामपणे म्हणते, ‘हो’ म्हणताना अडखळते. विज्ञानातल्या बऱ्याच चांगल्या चाचण्या अशाच असतात. व्हिडिओत त्या चालत नाहीत, कारण “मित्रांनो, हा १६६० चा नसावा” याला कोण लाईक देणार?

अजून एक गुंता आहे आणि तो कुठल्याच यंत्रानं सुटत नाही. गोळा बनला कधी आणि उडाला कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गडावरचा दारूगोळा पिढ्यान्‌पिढ्या साठून राहायचा. १८४४ च्या गडकऱ्यांनी आजोबा-पणजोबांच्या कोठारातला गोळा तोफेत भरला असेल, तर तो बनावटीनं ‘शिवकालीन’ आणि घटनेनं १८४४ चा. वस्तू कितीही तपासा, ती पहिल्या प्रश्नाचं उत्तर देईल. दुसऱ्याचं उत्तर ती कुठं पडली होती, कोणत्या थरात, कोणत्या दिशेनं, शेजारी काय होतं, यात असतं. खुरप्यानं नेमकं तेच उकरून टाकलेलं असतं.

“पण आता हातात धरायची एक्सआरएफ बंदूक मिळते की, ती दोन मिनिटांत सगळं सांगते,” असं मला एकानं ऐकवलं होतं. सांगते, पण कशाबद्दल? क्ष-किरणांनी उत्तेजित झालेल्या अणूंचा प्रतिसाद ती मोजते, आणि तांब्या-कांस्यात तो केसाच्या जाडीहूनही कमी खोलीतून येतो. मातीत शतकं काढलेल्या कांस्याच्या या थरातलं तांबं झिरपून गेलेलं असतं, कथिल मागं राहतं. त्यामुळं यंत्र कथिलाचं प्रमाण फुगवून सांगतं. आकडा खरा असतो, पण तो गंजाचा असतो.

आणि आतला धातू नीट तपासला तरी वाद मिटतोच असं नाही, हे महाराष्ट्रानं दायमाबादला पाहिलंय. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या या गावात एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार कांस्यवस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. एकूण वजन साठ किलोंच्या वर. पुढं तिथं सविस्तर उत्खनन करणारे एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवालांनी धातूच्या विश्लेषणावर बोट ठेवलं : यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, त्या काळच्या आपल्याकडच्या ताम्रवस्तूंत असं मिश्रण दिसत नाही, मग या नंतरच्या ऐतिहासिक काळातल्या कशावरून नसतील? पन्नास वर्षं झाली, पुस्तकांत आजही दोन्ही मतं सापडतात. वस्तू अप्रतिम, विश्लेषण झालेलं, वाद घालणारे दिग्गज. कमी पडली ती एकच गोष्ट. त्या जमिनीतून निघाल्या त्या क्षणी तिथं थर वाचणारं कुणी नव्हतं. त्यात त्या शेतकऱ्याचा काय दोष? तो मूळ खणत होता.

याच्या उलट उदाहरण आपल्या गावातच आहे. टाऊन हॉल म्युझियममधला समुद्रदेव पोसायडन बघितला नसेल तर या रविवारी जाऊन या. वीतभरही उंची नाही, हातातला त्रिशूळ हरवलाय, पण अंगाचं वळण पाहून कुणीही म्हणेल की हा माणूस इथला नव्हे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास जो कांस्यवस्तूंचा साठा निघाला त्यातला हा. प्राध्यापक कुंदणगारांच्या नावानं तो साठा अभ्यासकांत ओळखला जातो. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया आणि दीक्षितांनी त्याच टेकाडावर शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, अहवाल १९५२ मध्ये आला. आता कल्पना करा, हाच पोसायडन एकट्यानं कुणाच्या डिटेक्टरखाली आला असता, तर? कुणी म्हटलं असतं, एखाद्या साहेबानं विलायतेहून आणलेलं शोभेचं बाहुलं असेल. आणि ते खोडायला आपल्याकडं काही नसतं. तो रोमन जगातून सातवाहनकाळी इथं आला असं आपण म्हणतो, ते त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांच्या जोरावर : सोबतची भांडी, हत्तीवर बसलेल्या माणसांची देशी घडण आणि टेकाडाचे थर.

तरीही, वस्तू मातीविना मुकी असते असं मी सरसकट म्हणणार नाही. कोल्हापूरचीच कुर राजांची शिशाची नाणी घ्या. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर अशी तीन नावं. यांचा क्रम कसा लागला? एकाच्या नाण्यावर दुसऱ्यानं आपला ठसा पुन्हा मारलाय. खाली जो ठसा तो आधीचा, वर जो तो नंतरचा. शिसं मऊ म्हणून हे सोपं, आणि मऊ म्हणूनच जुनी खूण पूर्ण मिटली नाही. नाण्याच्या जाडीतच थर साठलेत म्हणा ना. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींसारख्या माणसानं हे भिंग लावून वाचलं. वाचणारा तसा हवा आणि नाणं न घासलेलं हवं.

डिटेक्टरबद्दलही एक गोष्ट त्याच्या बाजूनं बोलायला हवी. अमेरिकेत मोंटानामध्ये लिटल बिगहॉर्नची १८७६ ची रणभूमी आहे. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांनाच रांगेत उभं करून सगळं मैदान पिंजून काढलं. नियम एकच. यंत्र वाजलं की तिथं झेंडी लावायची, उकरायचं नाही. मागून येणारा चमू जागा मोजून मगच वस्तू काढायचा. काडतुसांवरच्या खुणांवरून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठं सरकली हे काढता आलं, आणि जिंकलेल्या मूळनिवासी योद्ध्यांनी सांगितलेल्या, पण फारशा कुणी मनावर न घेतलेल्या हकिकतींना आधार मिळाला. तेच यंत्र, तोच टुंग आवाज. इंग्लंड-वेल्समध्येही हौशी लोकांच्या लाखो वस्तू जागेसकट नोंदवण्याची सरकारी योजना १९९७ पासून चालू आहे.

आपल्याकडं अशी सोय नाही, कायदा मात्र आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हाच, आणि पन्हाळा संरक्षित आहे. जुलै २०२५ पासून तर तो मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या यादीतही आहे. त्या यादीच्या आनंदात गडावर निघालेल्या मिरवणुका सगळ्यांनी पाहिल्या. १८४४ मध्ये कोणत्या उतारावरून गोळे आले आणि कोणत्या बुरुजावरून उत्तर गेलं, याचा झेंड्या लावून केलेला नकाशा मात्र माझ्या पाहण्यात नाही. पुरातत्त्व खात्यानं मनावर घेतलं तर हे काम एका उन्हाळ्यात सुरू होऊ शकतं, आणि आज व्हिडिओ करणारी पोरं त्या रांगेत सगळ्यात कामाची ठरतील. त्यांचे कान तयार आहेत.

तोवर, शेताच्या बांधावर किंवा घराच्या पायात असं काही निघालंच, तर धुऊ नका, घासू नका. आहे त्या जागी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, फोनमधलं लोकेशन चालू ठेवा, खोली वीत-हातात का होईना लिहून ठेवा आणि तलाठ्यांना सांगा. मग मला फोटो पाठवा. गोळा असेल तर व्यास आधी लिहा. “किती जुनं” ते आपण नंतर बघू.